जलद ताफ्यातील शेवटचे जहाज

सर्व वाचकांस आरंभीच सादर कळविण्यात येते की, या कथेत एक मामा, एक भाचा आणि एक मिस्त्री अशी तीनच माणसे बोलणार असून, लेखक त्यांच्या मध्ये तोंड घालणार नाही. मामा हे मालवाहू जहाजाचे कप्तान होत. भाचा हा नौदलातील अधिकारी असून, लढाईच्या दिवसांत व्यापारी जहाजांना सुरक्षित वाट सुचविणे व त्यांचे ताफे बांधून युद्धनौकेच्या सोबतीने पार पोहोचविणे, हे त्याच्या कचेरीचे काम होय. मिस्त्री म्हणजे मामांच्या जहाजाचे मुख्य इंजिनियर. हकिकत दुःखाची आहे. तरी तिचा आरंभ थट्टामस्करीने होतो, यास लेखकाचा इलाज नाही. कारण समुद्रावर जाणारी माणसे निघताना बहुधा हसतच निघतात.

(स्थळ: बंदरावरील नौदलाच्या मार्गदर्शन कचेरीमागची लहान खोली. भिंतीवर सामुद्रधुनीचा मोठा नकाशा. पलीकडच्या दालनात चाललेली कप्तानांची सभा नुकतीच उठली आहे.)

भाचा: दार लोटून घ्या, मामा. आता इथे आपल्याशिवाय कोणी नाही. खरं सांगा, जहाजाचा वेग किती?

मामा: बारा.

भाचा: मामा.

मामा: चारचौघांत बारा सांगितले ते दार लावल्यावर कमी होतील होय? बारा नॉट म्हणजे बारा नॉट. पाणी आहे का रे इथे प्यायला? तुझ्या त्या सभेत बोलून बोलून माणसाचा घसा सुकवतोस.

भाचा: मी फळ्यावर बारा लिहिले, कारण तुम्ही सांगितले. पण मी काही आंधळा नाही. उन्हाळाभर तुमचं जहाज बाहेर नांगरावर उभं होतं. कोमट पाणी, जागची हालचाल नाही. बुडाला कालवं धरली असणार, ती वेग खातात.

मामा: धरली असतील चार.

मिस्त्री: चार? अरे कप्तान, खाली अख्खं गाव वसलंय. त्यांच्यात आता सोयरिकी जुळायला लागल्यात.

मामा: तुला कुणी विचारलं? तू आपला चहा पी.

मिस्त्री: चहा संपला. नौदलाचा कप म्हणजे औषधाची वाटी. भाचेबुवा, देशाच्या संरक्षणात कपांना पैसे उरत नाहीत का हो?

भाचा: मिस्त्रीकाका, तुम्ही तरी सरळ सांगा. जहाज किती जातं?

मिस्त्री: मला कशाला मध्ये ओढता? हा वर बसतो, मी खाली. वरून घंटा आली की मी चाक फिरवतो. बाहेर समुद्र आहे की सडक, हेसुद्धा मला दिसत नाही.

भाचा: काका, मी गंमत करत नाही.

मिस्त्री: बरं. रिकामं असतं तर दहा गेलं असतं. पोटात माल गच्च भरलाय. नऊ धरा. ढकललं तर साडेनऊ.

मामा: ढकललं तर! जहाज आहे की हातगाडी?

मिस्त्री: हातगाडी बरी रे. तिला अधूनमधून उतार तरी मिळतो.

भाचा: ऐकलंत मामा? नऊ. आणि जलद ताफ्यात यायला निदान साडेअकरा लागतात. या नकाशाकडे बघा. हा भाग दिसतो ना, सगळ्यात अरुंद? पलीकडच्या किनाऱ्यावरून शत्रूच्या रॉकेटं लावलेल्या होड्या सुटतात त्या इथून. त्या दिवसा सुटत नाहीत, कारण आपली विमानं वर असतात. ऊन कललं, विमानं परतली, की सुटतात. म्हणून आम्ही सगळं असं बांधलंय की सातही जहाजं बारा नॉटनं जातील आणि ऊन कलायच्या आत हा भाग मागे टाकतील. तुम्ही नऊनं गेलात तर बाकीचे बाहेर पडतील तेव्हा तुम्ही नेमके इथे असाल. बोटाखाली बघा. इथे. एकटे.

मामा: युद्धनौका आहे ना सोबतीला?

भाचा: एकच आहे, मामा. सात जहाजांना एक. ती पुढच्या सहांना सांभाळील की मागच्या एकाला?

मामा: त्या नौकेवरची कमांडरबाई मोठी खमकी आहे असं ऐकलं.

भाचा: खमकी आहे म्हणूनच ती हिशेबानं वागेल. तुम्ही संथ ताफ्यात या. तो आठ नॉटचा आहे. त्याच्यासोबत दोन युद्धनौका जातात, वरून विमानाचीही पाळी वाढवून घेतो आम्ही.

मामा: कधी निघतो तुझा संथ ताफा?

भाचा: पुढच्या महिन्यात.

मामा: बघ. आला मुद्द्यावर. माझ्या पोरांची जहाजावरची मुदत केव्हाच संपली. लढाई लागली आणि आम्ही इथे अडकलो. त्यांच्या जागी येणारी माणसं सामुद्रधुनी ओलांडल्यावरच्या बंदरात खाटा टाकून बसलीत. माझा स्वयंपाकी आताशा भिंतीशी बोलतो. मी त्याला काय सांगू, आणखी एक महिना भिंतीशी बोल?

मिस्त्री: भिंत कंटाळली आता.

भाचा: काका, तुमचं काय मत आहे?

मिस्त्री: माझं मत? मला घरी जायचंय, हे माझं मत. बायको फोनवर आता माझं नाव घेत नाही, 'ते जहाजवाले' म्हणते. बाकी जहाजाचं मत कप्तानाला असतं.

मामा: आणि दुसरं ऐक. भाडेकरारात बारा नॉट लिहिलेत. भाड्याने घेणाऱ्याचा माणूस तुझ्या सभेत मागच्या खुर्चीवर बसला होता, पाहिलास ना, तो चपटी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला? त्याच्यासमोर मी नऊ म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत जहाजाचं भाडं तुटलं असतं. मग मालक कुणाला घरी बसवतो? जहाजाला? या वयात मला दुसरं जहाज कोण देणार?

भाचा: म्हणून तर मी तुम्हाला आत बोलावलं. इथे तो नाही.

मामा: इथे नाही, पण मी ताफा बदलला की बाहेर कळेलच. आणि त्याच्यापेक्षा ते बाकीचे कप्तान! त्यातल्या दोघांना मी सुकाणू धरायला शिकवलंय. एकाला तर समुद्र लागायचा, बादली घेऊन फिरायचा माझ्या मागे. तो आज जलद ताफ्यात पुढून दुसरा. आणि मी लंगड्या घोड्यांच्या रांगेत? तेही भाच्याच्या हातून?

भाचा: मी तुमचा अपमान करतोय का?

मामा: तू नाही करत. म्हणून तर सभेत तू गप्प बसलास. चांगलं केलंस. आईचं वळण दिसलं.

भाचा: मी आताही बाहेर जाऊन फळा पुसू शकतो.

मामा: माझ्या संमतीशिवाय? तुझ्या कचेरीला तो हक्क आहे?

भाचा: नाही.

मामा: मग?

भाचा: आम्ही सल्ला देतो. मानायचा की नाही ते कप्तानाच्या हातात. व्यापारी जहाजाला नौदल हुकूम सोडत नाही.

मामा: मग दे सल्ला. रीतसर दे. उभा राहतो मी.

भाचा: बसा हो मामा. माझा सल्ला आहे की तुमच्या जहाजानं संथ ताफ्यासोबत जावं.

मामा: ऐकला. आभारी आहे. मी जलद ताफ्यात जाणार.

भाचा: निदान कमांडरबाईंच्या कानावर तरी घालू द्या, की शेवटचं जहाज कमी पडण्याचा संभव आहे.

मामा: घातलंस की ती मला सरळ वगळणार. ताफ्यात कुणाला सांभाळायचं हे तिच्या हातात आहे, एवढं मलाही कळतं. बाळ, लहानपणी तुला पोहायला मी शिकवलं. तुझ्या बापाला पाण्याची भीती होती, मी खांद्यावर घेऊन गेलो होतो तुला. आजवर तुझ्याकडे काही मागितलं?

भाचा: असं बोलू नका.

मामा: मागितलं का?

भाचा: नाही मागितलंत.

मामा: मग एवढंच कर. काही करू नकोस.

मिस्त्री: भाचेबुवा, फार विचार करू नका. आवर घालणारी कळ आहे ना इंजिनाची, ती मी तारेनं बांधून ठेवतो. म्हातारी बोंबलेल, पण त्या बोळापुरते अकरा तरी काढून देतो. माझा शब्द. बोळ ओलांडला की तिला झोपवू.

भाचा: इंजिनाला झेपेल?

मिस्त्री: मला माझं लग्न झेपलं. तिला एक दुपार झेपणार नाही?

भाचा: ठीक आहे. मी बोलत नाही कुणाकडे. पण मामा, हा लाल बोया बघा. इथपर्यंत तुम्हाला मागे वळायला जागा आहे. त्याच्यापुढे दोन्ही अंगाला खडक आहेत, भरलेलं जहाज वळायचं नाही. बोयापाशी येईपर्यंत वेग जमला नाही तर सरळ मागे फिरायचं. तिथे मान बघायचा नाही. मला वचन द्या.

मामा: दिलं. चल रे मिस्त्री. साहेबांचा वेळ जातोय.

(दुसरा प्रवेश. ताफा निघून गेल्यानंतरची दुपार. भाचा कचेरीतील टेबलापाशी फोनवर बोलत असून, जहाजावर फोनचा आवाज मोठा ठेवला असल्याने मिस्त्रींनाही तो ऐकू जातो. शत्रूस सुगावा लागू नये म्हणून ताफ्यातील सर्व जहाजांनी आपली ओळख सांगणारी यंत्रे बंद ठेविली आहेत.)

भाचा: मामा, ऐकू येतंय? तुमच्यापुढच्या जहाजानं कळवलंय, मागे कुणी दिसत नाही. तुम्ही कुठे आहात?

मामा: आहे रे मागेच. जरा अंतर राखलंय. त्याचा धूर नाकात जातो.

भाचा: मला इथून तुमचा ठिपका दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच मला कळतं. वेग सांगा.

मामा: अकरा.

भाचा: मामा, चेष्टा नको. मी नकाशावर पट्टी धरून उभा आहे.

मिस्त्री: अकरा नाही. मी आताच खालून वर आलोय. आठ. एक सिलिंडर गेलं.

भाचा: काका?

मिस्त्री: हो, मीच. कळ बांधली, अकरा काढले. खोटं नाही बोलत, काढले. वाऱ्यासारखी पळाली म्हातारी. मग खालून असा आवाज आला, जसं कुणी लोखंडी कपाट जिन्यावरून सोडलं. ते सिलिंडर बंद करून बाकीच्यांवर चालवतोय. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंपही मान टाकतोय, हातानं चालवावा लागतो.

भाचा: लाल बोया?

मामा: काय म्हणालास? वारा आहे इथे.

भाचा: मामा, लाल बोया कुठे आहे?

मामा: मागे गेला.

भाचा: कधी?

मामा: झाला वेळ. तेव्हा अकरा चालले होते रे. मला वाटलं, जमलं. तेव्हा खरंच अकरा होते. पुढच्याची शेपटी दिसत होती मला.

भाचा: थांबा. फोन ठेवू नका. दुसऱ्या फोनवर युद्धनौका आहे.

मिस्त्री: कप्तान, पोराचा आवाज बघ कसा झालाय.

मामा: ऐकतोय मी.

मिस्त्री: तू त्याला सांगायला हवं होतंस. सिलिंडर गेलं तेव्हाच.

मामा: तूच म्हणालास ना, दोन मिनिटांत नीट करतो?

मिस्त्री: म्हणालो. मी नेहमीच म्हणतो. तू कधीपासून माझ्यावर विश्वास ठेवायला लागलास?

भाचा: मामा. कमांडरबाई विचारताहेत, शेवटच्या जहाजासाठी ताफ्याचा वेग कमी करायचा का. सहाही जहाजं आठावर आणायची का. माझा सल्ला मागितलाय त्यांनी.

मामा: ऊन किती राहिलंय?

भाचा: तेच. सगळ्यांना आठावर आणलं तर ऊन कलताना सातही जहाजं त्या अरुंद भागात असतील. विमानं तेव्हा परतलेली असतील. दोन तेलाची जहाजं आहेत त्यांच्यात.

मामा: तेलाची. हं. त्यातलं एक त्या बादलीवाल्याचं.

भाचा: त्या थांबल्यात, मामा. मला उत्तर द्यायचंय.

मामा: मग दे की.

भाचा: तुम्ही सांगा ना काहीतरी.

मामा: मी काय सांगू? सल्ला देणारा तू. मागच्या वेळी मी तुझा ऐकला नाही. आता मला विचारू नकोस. मला विचारलंस तर मी 'थांबवा' म्हणेन. माझ्या जहाजावर वीस माणसं आहेत, मी दुसरं काही म्हणूच शकत नाही. म्हणून विचारू नकोस.

भाचा: ...मी त्यांना सांगतो.

मिस्त्री: काय सांगतोय तो?

मामा: चूप. ऐकू दे.

भाचा: 'कचेरीचा सल्ला: ताफ्यानं वेग कमी करू नये. शेवटच्या जहाजाला सोडून पुढे जावं. पार झाल्यावर परत यावं.' मामा, मी सांगितलं. ऐकलंत तुम्ही?

मामा: ऐकलं.

भाचा: मामा, मी...

मामा: आता रडबोंब नको. पुढचा सल्ला दे. आता मी ऐकणाऱ्यातला आहे.

भाचा: खडकाकडेच्या बाजूनं राहा, खोल पाण्यात जाऊ नका. होड्या तिथे सावकाश होतात. पाण्याच्या नळांचा मारा दोन्ही कठड्यांवरून चालू ठेवा, म्हणजे कुणाला वर चढता यायचं नाही. डेकवर कुणी नको. सगळ्या माणसांना आतल्या बंद खोलीत घाला आणि दार आतून लावा. सगळ्यांना. इंजिनावरच्यांनाही.

मामा: आणि इंजिन?

भाचा: चालेल तेवढं आपोआप चालेल.

मिस्त्री: ते नाही होणार, भाचेबुवा. पंप हातानं चालवतोय म्हटलं ना. हात काढला की थोड्या वेळात इंजिन बंद. इंजिन बंद पडलं की पाण्याची ओढ आपल्याला कुठे नेते ते तुमच्या नकाशात बघा.

भाचा: पलीकडच्या किनाऱ्याकडे.

मिस्त्री: मग वीस माणसांना बंद खोलीत घालून आपणच त्यांच्या दारात नेऊन ठेवायचं? छान मार्गदर्शन आहे तुमचं.

भाचा: काका, विमानासाठी मी झगडतोय इथे. आणखी थोडा वेळ वर राहिलं तर...

मिस्त्री: झगडा तुम्ही. मी खाली जातो. कप्तान, त्या दोन पोरांना मी वर पाठवतो. पंपाला एक माणूस पुरे.

मामा: मी येतो खाली.

मिस्त्री: तू? तुला पंपाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तरी माहीत आहे का? तू सुकाणू धर. तेवढंच येतं तुला.

मामा: मिस्त्री, अर्ध्या घटकेत वर यायचं. हा माझा हुकूम आहे.

मिस्त्री: हुकूम? आज सगळे सल्लेच देताहेत. खाली भट्टी झालीय नुसती. शर्ट काढून ठेवतो इथे, वर आल्यावर कोरडा मिळेल. भाचेबुवा, परत आलो की चहा मोठ्या कपात.

भाचा: काका! काका, थांबा!

मामा: गेला तो.

भाचा: त्यांना वर बोलवा.

मामा: तो ऐकत असता तर आम्ही इथे असतो का? विमानाचं काय झालं ते सांग.

भाचा: परतलं. तेल संपत आलंय म्हणाले. दुसरं उठवताहेत. युद्धनौकेनं कळवलंय, पहिली चार जहाजं पार झाली.

मामा: आणि तो बादलीवाला?

भाचा: तोही पार झाला.

मामा: बरं झालं.

भाचा: मामा, तुम्हाला काय दिसतंय?

मामा: ऊन पाण्यावर तिरपं आलंय. डोळे दिपतात. किनारा दिसतोय. घरं दिसताहेत रे, बाळ. कुणीतरी कपडे वाळत घातलेत.

भाचा: होड्या?

मामा: दोन. नाही, तीन.

भाचा: सगळे आत गेलेत ना?

मामा: एक सोडून. मिस्त्री! मिस्त्री, पंप सोड, वर ये! ऐकतोस का?

भाचा: काय म्हणतात?

मामा: शिव्या देतोय. म्हणतो, आताच कुठे साडेआठ काढले, बोलण्यात वेळ घालवू नकोस.

भाचा: मामा?

मामा: मिस्त्री, मागच्या अंगाला, तुझ्या इंजिनाकडे वळल्या त्या! वर ये रे! पाया पडतो तुझ्या, वर ये!

भाचा: मामा! मामा, तो आवाज कसला? मामा?

मामा: मिस्त्री?

भाचा: मामा, बोला माझ्याशी.

मामा: मिस्त्री. अरे, काहीतरी बोल. शिवी दे.

(तिसरा प्रवेश. त्याच लहान खोलीत, काही दिवसांनंतर. मामांच्या उजव्या हातास पट्टी बांधलेली आहे. पलीकडच्या दालनात दुसऱ्या ताफ्याचे कप्तान जमू लागले आहेत.)

भाचा: तुम्ही उभे का? बसा.

मामा: बाहेर बराच गोंगाट आहे.

भाचा: भांडताहेत माझ्याशी. आता कुणाच्या तोंडी सांगण्यावर वेग धरायचा नाही असं ठरवलंय. प्रत्येक जहाजानं बंदराबाहेरच्या दोन बोयांमध्ये आमच्या बोटीसमोर धावून दाखवायचं. जेवढं धावेल तेवढं फळ्यावर. त्यांना हा अपमान वाटतो.

मामा: वाटणारच.

भाचा: एक जण म्हणाला, आम्ही काय शर्यतीची जनावरं आहोत का.

मामा: मीही हेच म्हणालो असतो. माझ्यापेक्षा मोठ्यानं.

भाचा: हात कसा आहे?

मामा: आहे जागेवर. युद्धनौका परत आली म्हणून एकोणीस जणांचं सगळं जागेवर आहे. स्वयंपाकी घरी पोहोचला. त्याच्या मुलाचा फोन आला होता, म्हणाला बाबा अजून भिंतीकडे तोंड करून बसतात, पण जेवतात.

भाचा: मला वर बोलावलंय. चौकशी आहे.

मामा: म्हणून तर आलो. तू तिथे काय सांगणार आहेस?

भाचा: झालं ते. की शेवटचं जहाज नऊ नॉटचं आहे हे मला आधीपासून माहीत होतं, आणि मी ते युद्धनौकेला कळवलं नाही.

मामा: कुणाला माहीत आहे ते? या खोलीत तीन माणसं होती.

भाचा: दोन अजून आहेत.

मामा: बाळ, तुझी नोकरी जाईल. मी सांगतो ना, की मी तुलाही बाराच सांगितले. दार लावूनसुद्धा बारा सांगितले. ते तर खरंच आहे. माझं आता काय जायचंय? मालकानं मला मोकळं केलंच आहे.

भाचा: नको, मामा. पुन्हा तुमच्या सांगण्यावर मी गप्प बसणार नाही.

मामा: ताफा पुढे काढलास ते चूक नव्हतं. कमांडरबाई मला रुग्णालयात भेटायला आली होती. तीही तेच म्हणाली. म्हणाली, तुमच्या भाच्याचा आवाज मला आयुष्यभर ऐकू येईल, पण सल्ला बरोबर होता.

भाचा: तेवढा एकच बरोबर होता.

मामा: चूक त्याच्या आधी झाली. सभेत, सगळ्यांसमोर, तू म्हणायला हवं होतंस, कप्तानसाहेब, तुम्ही खोटं बोलताय.

भाचा: मी तुमच्यासमोर कधी पाय पसरून बसलोसुद्धा नाही. मी तुम्हाला चारचौघांत खोटं कसं म्हणणार होतो?

मामा: ते मला माहीत होतं. त्याच्याच जोरावर बोललो मी.

भाचा: माझ्या भिडेच्या जोरावर?

मामा: असं बघू नकोस. जा, तिथे खरं ते सांग. मी पण तेच सांगेन. दोघांचं जुळलं पाहिजे, आणि खरं असलं की पाठ करावं लागत नाही.

भाचा: तुम्ही याल माझ्यासोबत?

मामा: येतो. बाहेर बसतो बाकावर. पण त्याआधी तुझ्या त्या दालनात दोन मिनिटं जाऊ दे मला.

भाचा: कप्तानांपुढे?

मामा: त्यांना बोयांमध्ये धावायला लाज वाटते म्हणतोस ना. मला बघू दे त्यांना. मी काही भाषण करणार नाही. नऊ होते आणि बारा सांगितले, एवढं सांगतो. बाकी हा हात दिसेलच.

भाचा: मामा, मिस्त्रीकाकूंना कुणी कळवलं? आमच्या कचेरीतून पत्र गेलंय, पण पत्रानं काय होतं. मी फोन करायला घेतला होता, दोनदा. आकडे फिरवले आणि ठेवून दिला.

मामा: मी केला. काल.

भाचा: त्यांना सांगितलंत सगळं? वेगाचं?

मामा: सांगायला बसलो होतो. पहिल्यापासून. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, भाऊजी, ते तुमचं आकड्यांचं मला कळत नाही, ते चौकशीवाल्यांना सांगा. मला एकच सांगा.

भाचा: काय?

मामा: खाली फार उकडत होतं का हो.

भाचा: मग?

मामा: म्हटलं, नाही, वहिनी. पंखा चालू होता.

येथे ही हकिकत संपली. ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, त्या सर्वांचा लेखक मनःपूर्वक ऋणी आहे. शब्दांत कोठे उणे-अधिक झाले असल्यास तो दोष माझ्या तोकड्या शिक्षणाचा समजावा. बोलणाऱ्यांचा समजू नये.

आपला नम्र,
धक्क्यावरचा दोरखंडवाला तात्या